कुलूप कोणी लावले, एवढे तरी कळू द्या

प्रति,
मा. सचिव, दूरसंचार विभाग, भारत सरकार,
मा. सचिव, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, भारत सरकार,
आणि देशातील सर्व इंटरनेट सेवा पुरवठादार कंपन्या

विषय : एका संकेतस्थळावरील बंदीमुळे त्याच आयपी पत्त्यावरची (म्हणजे इंटरनेटवरील सर्व्हरच्या त्याच आकडी पत्त्यावरची) इतर संकेतस्थळे बंद पडण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो आणि गेली चौदा वर्षे लहान संस्थांच्या वेबसाइट तयार करून देण्याचा व त्या सांभाळण्याचा व्यवसाय करतो. वाचनालये, पतसंस्था, शाळा, द्राक्ष बागायतदारांच्या कंपन्या, एखादे मंगल कार्यालय, अशी माझी गिऱ्हाइके आहेत. यांतल्या बहुतेकांना स्वतंत्र सर्व्हर परवडत नाही आणि त्यांना त्याची गरजही नसते. म्हणून त्यांची संकेतस्थळे सामायिक होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइटनी मिळून वापरायच्या एकाच सर्व्हरवर, ज्याला आम्ही रोजच्या बोलण्यात शेअर्ड होस्टिंग म्हणतो त्यावर, ठेवलेली असतात. बंदी घालण्याच्या सरकारच्या अधिकाराशी वाद घालण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. बंदी चुकून भलत्याच्याच दारावर येऊन पडली तर त्याने कोणाकडे जायचे, एवढाच माझा प्रश्न आहे. तो खुल्या पत्रातून विचारण्याचे कारण असे की, बंद पाकिटातून विचारायचा तर पाकिटावर नाव कोणाचे घालायचे, हेच मला तेवीस दिवस खटपट करूनही कळले नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंचा फोन आला. “दादा, आपली साइट बंद झालीय का? एक सभासद म्हणतायत, सरकारनं बंद केलीय असं लिहून येतंय.” मी माझ्या संगणकावर साइट उघडून पाहिली, ती व्यवस्थित चालत होती. ताईंच्या टेबलावरच्या संगणकावरही चालत होती. त्यामुळे दोष त्या सभासदाच्या फोनचा असावा, असे सांगून मी विषय संपवला आणि ते माझे चुकले. दोन दिवसांत असे आणखी पाच-सहा सभासद निघाले. ते सगळे एकाच मोबाइल कंपनीचे ग्राहक होते.

शेवटी मी वाचनालयात जाऊन बसलो. देवघेवीच्या टेबलाशेजारी भिंतीवर एक क्यूआर कोड चिकटवलेला आहे. तो स्कॅन केला की पुस्तकांची यादी उघडते आणि हवे ते पुस्तक आत आहे की कोणी नेले आहे, ते घरबसल्याही कळते. तो कोड जुना होता, त्यातला पत्ता एचटीटीपीचा, म्हणजे मजकूर उघडाच नेणाऱ्या जोडणीचा. त्या कंपनीच्या फोनवरून तो स्कॅन केला की पांढऱ्या पानावर इंग्रजीत एक ओळ येत होती. या पत्त्यावर दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार बंदी घालण्यात आली आहे, अधिक माहितीसाठी प्रशासकाशी संपर्क साधावा, असा तिचा अर्थ. ज्यांनी साइटचे नाव स्वतः टाइप केले त्यांना एचटीटीपीएसची, म्हणजे मजकूर झाकून नेणारी जोडणी मिळत असल्याने ही ओळसुद्धा दिसत नव्हती. नुसते चाक फिरत राहायचे आणि शेवटी साइटपर्यंत पोहोचता येत नाही, असा निरोप यायचा. आदेशाचा क्रमांक नाही, तारीख नाही, कलम नाही. प्रशासकाशी संपर्क साधा म्हणे. पण हा प्रशासक कोण? त्या साइटचा प्रशासक तर मीच होतो.

तक्रार करायला गेलो तेव्हा आणखी एक गंमत कळली. मोबाइल कंपनीकडे तक्रार तिच्या ग्राहकालाच करता येते, आणि वाचनालय तर तिचे ग्राहकच नाही. साइट बंद पडली वाचनालयाची, पण कंपनीच्या दप्तरी गैरसोय झाली ती फक्त सभासदाची. मग एका निवृत्त शिक्षक सभासदांना शेजारी बसवून, त्यांच्या नंबरावरून, त्यांच्या फोनवर येणारा ओटीपी विचारत मी तक्रार नोंदवली. उत्तर आले की फोन बंद करून पुन्हा सुरू करा. दुसऱ्यांदा सांगितले की एपीएनची सेटिंग तपासा. तीन वेळा तक्रार क्रमांक मिळाला आणि तीनही वेळा ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा एसएमएस गुरुजींना आला. मधल्या काळात वाचनालयाच्या कार्याध्यक्षांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारले, “आपल्याकडून साइटवर काही आक्षेपार्ह टाकलं गेलं नाही ना?” शेवटचे टाकले होते ते दिवाळी अंक योजनेचे निवेदन. वाचनालयाला शासनाचे परिरक्षण अनुदान मिळते. सरकारने आपली साइट बंद केली ही वावडी गावात फिरणे कार्यकारिणीला किती जड गेले असेल, ते आपल्या लक्षात यावे.

तेविसाव्या दिवशी मी होस्टिंग कंपनीला विनंती करून वाचनालयाची साइट दुसऱ्या आयपी पत्त्यावर हलवली. नाव तेच, मजकूर तोच, साइट ठेवलेला देशही तोच. तासाभरात ती त्याच कंपनीच्या फोनवर उघडू लागली. म्हणजे बंदी वाचनालयाच्या नावावर नव्हतीच, ती त्या पत्त्यावर होती. त्या जुन्या पत्त्यावर आणखी कोण नांदते, हे पाहिले तर तीनशेच्या वर नावे निघाली आणि त्यांत क्रिकेटवर पैसे लावण्याची एक साइट होती. तिच्यासाठीच बंदी आली असावी, हा माझा तर्क. तो सिद्ध करण्याचे साधन माझ्याकडे नाही आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

जे अधिकारी या तांत्रिक बाजूशी रोज संबंध ठेवत नाहीत, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४३० कोटी आहे आणि आशिया-पॅसिफिक विभागाचा त्यातला मोकळा साठा २०११ च्या एप्रिलमध्येच शेवटच्या तुकड्यावर आला. प्रत्येक साइटला स्वतंत्र पत्ता देणे पहिल्यापासूनच परवडणारे नव्हते. म्हणून १९९७ च्या सुमारास एचटीटीपीच्या नव्या आवृत्तीत अशी सोय झाली की ब्राउझर सर्व्हरच्या दाराशी गेला की आपल्याला कोणाला भेटायचे आहे, त्याचे नाव सांगतो, आणि मग एकाच पत्त्यावर शेकडो साइट सुखाने राहू शकतात. चाळीला एकच जिना असतो आणि वर गेल्यावर दारादारांवर वेगवेगळ्या पाट्या असतात, तसे हे आहे. बंदीचा आदेश आला की सेवा पुरवठादारापुढे दोन प्रकारचे मार्ग असतात. पहिला म्हणजे पाटी पाहून एकाच दाराला कुलूप लावायचे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या डीएनएसमध्ये किंवा जोडणीच्या सुरुवातीला उघड दिसणाऱ्या नावावरून अडवायचे. दुसरा मार्ग म्हणजे सरळ जिनाच बंद करायचा. दुसरा सोपा आहे, स्वस्त आहे, आणि तो वापरला तर कोणी हिशोबही मागत नाही.

हे सारे नवीन असते तर मी एवढे लांबण लावले नसते. २००३ मध्ये बेन एडेलमन या हार्वर्डमधल्या अभ्यासकाने डॉट कॉम, डॉट नेट आणि डॉट ऑर्ग या नावांची पाहणी करून दाखवून दिले होते की, चालू असलेल्या नावांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक नावे आपला आयपी पत्ता दुसऱ्या कोणाशी तरी वाटून घेतात आणि दोन तृतीयांशांहून अधिक नावांचे शेजारी पन्नास किंवा त्याहून जास्त आहेत. पुढच्याच वर्षी, १० सप्टेंबर २००४ रोजी, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याचा बंदीचा कायदा तिथल्या संघीय न्यायालयाने रद्द केला. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे असलेल्या साधारण ४०० साइट अडवताना अकरा लाखांहून अधिक निरपराध साइट अडल्या, हे त्या खटल्यात समोर आले होते. ज्या मजकुराविषयी कोणाचेही दुमत असणार नाही, त्याच्याही बाबतीत न्यायालयाने असा निकाल दिला, ही गोष्ट लक्षात घ्यावी. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रोखे नियामकाने गुंतवणुकीच्या नावाने फसवणाऱ्या एका साइटसाठी एक आयपी पत्ता बंद करायला लावला आणि त्यासोबत बाराशेच्या आसपास साइट गेल्या. त्यांत मेलबर्न फ्री युनिव्हर्सिटी ही लोकांसाठी मोफत वर्ग भरवणारी संस्थाही होती, आणि त्या बिचाऱ्यांनाही आपल्याला कोणी व का अडवले, ते शोधून काढावे लागले.

या सर्वांत मला सर्वांत जवळचे वाटते ते व्लादिमीर खारितोनोव यांचे प्रकरण. हे गृहस्थ रशियात इलेक्ट्रॉनिक प्रकाशनाविषयी बातम्या देणारे संकेतस्थळ चालवत होते आणि ते अमेरिकेतल्या एका कंपनीच्या शेअर्ड होस्टिंगवर होते. २०१२ च्या डिसेंबरमध्ये वाचकांकडून त्यांना साइट उघडत नसल्याचे कळले. चौकशी केल्यावर समजले की त्याच होस्टिंगवर, त्याच पत्त्यावर, गांजाविषयीच्या लोककथांची दुसरी एक साइट होती आणि अमली पदार्थविरोधी खात्याच्या सांगण्यावरून तो पत्ताच बंद झाला होता. खारितोनोव आपल्या देशातल्या न्यायालयांत हरले, पण युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २३ जून २०२० रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला. केवळ एका सर्व्हरवर राहण्यापलीकडे त्यांचा त्या मजकुराशी काहीही संबंध नव्हता, बंदी घालण्यापूर्वी तिचा इतरांवर काय परिणाम होईल हे तपासण्याची कोणावर जबाबदारीच नव्हती, आणि बाधितांना कळवण्याची तरतूदही नव्हती, या तीन गोष्टी न्यायालयाला खटकल्या. रशियाच्या जागी दुसरा कोणताही देश ठेवून हे वाक्य पुन्हा वाचता येईल.

आपल्याकडचा अनुभवही लहान नाही. २००३ मध्ये मेघालयातल्या एका बंदी घातलेल्या संघटनेचा याहूवर चालणारा एक गट बंद करायचा होता, तेव्हा पुरवठादारांनी याहूचे सगळेच गट बंद करून टाकले. मुंबईच्या लोकलमध्ये ११ जुलै २००६ रोजी बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर काही दिवसांतच मोजक्या पानांवर बंदीचा आदेश निघाला आणि पुरवठादारांनी अख्खे ब्लॉगस्पॉट बंद केले. त्या काळात मराठीत नुकतेच ब्लॉग लिहू लागलेल्या, त्याला हौसेने ‘अनुदिनी’ म्हणणाऱ्या मंडळींपैकी अनेकांचे बिऱ्हाड तिथेच होते. डिसेंबर २०१४ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तपासातून आणि मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयाच्या आदेशातून ३२ साइटवर बंदी आली. त्यांत व्हिडिओंचे व्हिमिओ, जुन्या वेबपानांचा संग्रह ठेवणारे इंटरनेट आर्काइव्ह आणि प्रोग्रॅमर मंडळींच्या गिटहबचा एक भाग होताच, पण वीब्लीही होते, आणि वीब्ली म्हणजे लहान दुकानदारांनी व शाळांनी स्वतःच्या साइट बांधण्याची जागा. संपूर्ण चाळ म्हणतात ती हीच. त्यातल्या काही साइट त्याच महिन्याच्या अखेरीस खुल्या करण्यात आल्या, त्या मोठ्या कंपन्यांच्या होत्या आणि त्यांच्याशी सरकारचा पत्रव्यवहार होऊ शकला म्हणून. आमच्या वाचनालयाशी पत्रव्यवहार कोण करणार?

संसदेत दिलेल्या उत्तरांनुसार, केंद्र सरकारला इंटरनेटवरच्या मजकुरावर बंदी घालण्याचा अधिकार देणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली २०१४ मध्ये ४७१ दुव्यांवर बंदी घालण्यात आली होती आणि २०२० मध्ये ९,८४९. न्यायालयांचे आदेश आणि चित्रपटांच्या चाचेगिरीसाठी मिळवलेले मनाई हुकूम त्याहून वेगळे. संख्या अशी वाढत असताना चुकीच्या दारावर पडणारी कुलपे कमी होतील, असे मानायला मला काही आधार दिसत नाही.

या कलमाखालचे २००९ चे नियम मी अनेकदा वाचले आहेत. ज्याच्या मजकुरावर बंदी घालायची, त्याला किंवा मध्यस्थाला नोटीस द्यावी व उत्तरासाठी किमान ४८ तास द्यावेत, असे त्यांत आहे. दर दोन महिन्यांतून एकदा तरी पुनर्विलोकन समितीने बसावे आणि आदेश योग्य नसेल तर तो रद्द करावा, असेही आहे. पण नियमांत शेजारी कुठेच नाही. बंदी घालणारा आहे, ज्याच्यावर बंदी आली तो आहे, मधला सेवा पुरवठादार आहे. ज्याच्यावर बंदी घालण्याचे कोणाच्या मनातही नव्हते आणि तरी ज्याचे दार बंद झाले, त्याने त्या समितीकडे अर्ज कसा करावा, याचा उल्लेख नाही. वर नियम १६ प्रमाणे तक्रारी आणि कारवाई गोपनीय. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा ठरवणारे कलम ६६अ रद्द केले, पण ६९अ कायम ठेवले. आदेशात लेखी कारणे असतात आणि त्यामुळे त्याला रिट याचिकेतून आव्हान देता येते, हा त्यामागचा एक महत्त्वाचा आधार होता. जो आदेश बघायलाच मिळत नाही आणि तो आहे की नाही हेही ठरवता येत नाही, त्याला आव्हान कसे द्यावे, हे एखाद्या विधिज्ञाने मला समजावून सांगितले तर मी त्याचा आभारी राहीन. व्हिडिओ पाहण्याचा व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅन या फ्रान्समधल्या संस्थेची साइट २०२२ मध्ये भारतात अनेक महिने उघडत नव्हती. तिने वकिलांमार्फत नोटीस पाठवून आदेशाची प्रत मागितली आणि त्यानंतर नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. एवढ्या नामांकित संस्थेलाही त्यासाठी वकील करावा लागला.

गोपनीयतेची गरज मला कळते. पण मजकूर गोपनीय असणे वेगळे आणि कुलूपच निनावी असणे वेगळे. गावात एखाद्याचे कर्ज थकले आणि बँकेने घराचा ताबा घेतला, तर ताबा नोटीस त्या घरावर ठळक जागी चिकटवावी लागते आणि दोन वर्तमानपत्रांत, त्यातले एक स्थानिक भाषेतले, ती छापावी लागते. खाली प्राधिकृत अधिकाऱ्याची सही असते. बँकेने चुकून शेजारच्या घराला नोटीस लावली, तर शेजारी ती नोटीस हातात घेऊन शाखेत जाऊ शकतो. थकबाकीदारालाही जे मिळते, ते आमच्या वाचनालयाला मिळाले नाही.

ईमेलच्या बाबतीतही शेअर्ड होस्टिंगवर हाच शेजार भोवतो, आणि तो अनुभव मुद्दाम सांगतो, कारण तिथली वाट वेगळी निघाली. द्राक्ष उत्पादकांची एक कंपनी माझ्याकडे आहे. फेब्रुवारीत हंगाम भरात असतो; कंटेनर न्हावाशेवाला निघालेला असतो आणि पॅकिंग लिस्ट व तपासणीचे अहवाल रॉटरडॅमच्या व्यापाऱ्याला मेलने जायचे असतात. एका रात्री त्यांचे मेल एकामागोमाग एक परत येऊ लागले. परत आलेल्या मेलमध्ये सर्व्हरने लिहिले होते की, पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता अमुक एका यादीत आहे, खुलासा या दुव्यावर पाहावा. स्पॅमहाऊससारख्या संस्था १९९८ पासून कचरा-मेल पाठवणाऱ्या पत्त्यांच्या अशा याद्या ठेवत आल्या आहेत आणि जगभरचे मेल सर्व्हर त्या पाहून टपाल घ्यायचे की नाही ते ठरवतात. मी दुवा उघडला, पत्ता टाकला. यादीत कधी आला ती तारीख, त्याचे कारण आणि नाव काढून घेण्यासाठी काय करावे, हे सारे समोर आले. होस्टिंग कंपनीला ते दाखवल्यावर त्यांनी त्याच सर्व्हरवरची एक पडीक साइट शोधून काढली. तिच्या जुन्या संपर्क फॉर्ममधून कोणीतरी रात्रभर हजारो मेल सोडत होते. ती साइट बंद केली, अर्ज केला, दुसऱ्या दिवशी दुपारी पत्ता यादीतून निघाला. मधल्या रात्रीची कागदपत्रे कंपनीच्या सचिवांनी स्वतःच्या खासगी जीमेलवरून पाठवली, तो भाग सोडा.

अशा सर्वच याद्या इतक्या सभ्य नसतात. काही जण एका पत्त्यासाठी पुढचे-मागचे शेकडो पत्ते ओढून घेतात आणि लवकर सुटका हवी असेल तर पैसे मागतात. तरीही सांगायचे हे की, ज्यांच्यावर कोणत्याही संविधानाचे बंधन नाही, अशा खासगी संस्थेने मला माझ्या पत्त्यावर बंदी का आहे, ते मध्यरात्री दोन मिनिटांत सांगितले, आणि माझ्या देशातल्या व्यवस्थेने तेवीस दिवसांत सांगितले नाही.

आता मागणे. पहिले असे की, बंदीच्या आदेशात नुसता आयपी पत्ता देऊ नये. देणे अगदीच भाग असेल तर त्या पत्त्यावर आणखी कोण आहे, ते आधी तपासून त्याची नोंद करावी आणि बंदीला शेवटची तारीख घालावी. तारखेचा आग्रह यासाठी की, जुगाराची साइट चालवणारा इसम एका दिवसात पत्ता बदलतो, पण पुरवठादाराकडचे कुलूप तसेच राहते आणि पुढे तो पत्ता ज्याच्या वाट्याला येतो त्याच्या दारावर ते आयते लटकते. दुसरे, एचटीटीपीएस आल्यापासून पुरवठादाराला साइटचे नाव दिसते, आतले पान दिसत नाही. एका पानावर बंदी घालण्याचा आदेश पुरवठादाराला पाठवणे म्हणजे त्याला अख्खी साइट बंद करायला सांगणेच होय. असा आदेश आधी साइटच्या चालकाला आणि होस्टिंग कंपनीला जावा. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी २०१६ मध्ये चित्रपटांच्या चाचेगिरीच्या प्रकरणांत सबंध साइट बंद करण्यास नकार देऊन नेमके दुवे मागितले होते, आणि अडवलेल्या पानावर आदेशाची माहिती व दाद कुठे मागावी ते लिहा, असेही सांगितले होते. त्यातल्या नेमक्या दुव्यांची वाट तंत्रज्ञानाने अवघड केली आहे हे खरे, पण पानावर माहिती लिहिण्याची वाट मोकळीच आहे.

आणि माझे खरे मागणे तेच आहे. बंदीच्या पानावर आदेशाचा क्रमांक, तारीख, कोणत्या कार्यालयाचा आदेश आणि चुकीची तक्रार कुठे करायची, एवढ्या चार गोष्टी असाव्यात. हे पान मराठीत आणि इतर भारतीय भाषांतही असावे. इंटरनेटचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या आयईटीएफने कायदेशीर कारणासाठी अडवलेल्या पानांकरिता २०१६ मध्ये ४५१ हा सर्व्हरने उत्तरात द्यायचा वेगळा संकेत-क्रमांक ठरवून दिला आहे आणि अडवणारा कोण ते सांगण्याची सोयही त्यात ठेवली आहे; तो वापरायला पैसे पडत नाहीत. एचटीटीपीएसमध्ये असे पान दाखवता येत नाही, म्हणून त्यासोबत विभागाने एक शोधपान चालवावे, जिथे कोणीही डोमेनचे नाव किंवा आयपी पत्ता टाकला की त्यावर बंदी आहे की नाही आणि असल्यास कोणत्या क्रमांकाच्या आदेशाने, इतके कळेल. मजकूर काय होता, तक्रार कोणी केली, हे सांगू नका. ज्यावर बंदीचा आदेशच नाही त्याला ‘आदेश नाही’ एवढे दोन शब्द मिळाले, तरी तो पुरवठादाराच्या दारात ताठ मानेने उभा राहील. आणि मजकुराच्या मालकाला उत्तरासाठी ४८ तास दिले जातात, तर चुकीने अडकलेल्या शेजाऱ्याची तक्रारही ४८ तासांत निकालात काढावी.

सेवा पुरवठादार कंपन्यांना वेगळे सांगतो. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या अभ्यास संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये सहा मोठ्या पुरवठादारांची तपासणी केली, तेव्हा प्रत्येकाची बंद साइटची यादी वेगळी निघाली आणि अडवण्याची रीतही वेगळी निघाली. याचा अर्थ, आदेश कसा पाळायचा हे बऱ्याच अंशी आपणच ठरवता, आणि मग जबाबदारीही थोडी आपली असावी. आपल्या तक्रार केंद्रात ‘साइट चुकून अडवली आहे’ असा एक वेगळा प्रकार ठेवा, तो साइटच्या चालकालाही, तो आपला ग्राहक नसला तरी, वापरता येऊ द्या आणि ती तक्रार फोन बंद-चालू करायला सांगणाऱ्या मुलांकडे न पाठवता नेटवर्कच्या माणसाकडे जाऊ द्या. त्या मुलांचा यात काही दोष नाही. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर याचा पर्यायच नसतो.

होस्टिंगवाल्या मंडळींनाही मोकळे सोडता येणार नाही, आणि त्यांच्याकडून जागा घेऊन पुढे देणारा मीही त्यातच आलो. पडीक साइट वेळेवर काढणे, मेल पाठवण्याचा पत्ता साइटच्या पत्त्यापासून वेगळा ठेवणे, पत्त्यावर बंदी किंवा यादीचा शिक्का बसला की भाडेकरूंना त्याच दिवशी कळवणे, हे आमचे काम आहे आणि ते आम्ही नीट करत नाही. वाचनालयासाठी मी आता स्वतंत्र आयपी पत्ता घेतला आहे. त्याचे महिन्याचे काही शे रुपये सध्या मी भरतो, कारण अनुदानाच्या खर्चात ते कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे, हे ताईंना अजून ठरवता आलेले नाही.

त्या इंग्रजी ओळीचे फोटो, तीनही तक्रारींचे क्रमांक, पत्ता बदलण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या चाचण्यांच्या नोंदी मी जपून ठेवल्या आहेत. गुरुजींच्या फोनमधले ‘निराकरण झाले’चे एसएमएसही त्यांनी पुसलेले नाहीत. आपल्यापैकी ज्या कार्यालयाला हे प्रकरण आपले वाटेल, त्याने मागावे. मी सर्व कागद घेऊन येईन.

आपला विश्वासू,
लहान संस्थांची संकेतस्थळे सांभाळणारा एक व्यावसायिक,
जिल्हा सांगली